प्लँक्टनची जाळी, फोनचा मायक्रोस्कोप आणि टेस्ट किट : फुटाळ्यापासून रत्नागिरीपर्यंत वापरून पाहिलं

पाचपैकी चार स्टार. त्यातही जाळीला पूर्ण पाच, मायक्रोस्कोपला साडेतीन, नायट्रेटच्या बाटल्यांना एक. घाई असेल त्यांनी एवढं वाचून थांबलं तरी चालेल, पण किनाऱ्यावर कोणी आपलं माणूस राहत असेल तर पुढचं नक्की वाचा.

मी नागपुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं झाली. समुद्राशी माझा संबंध म्हणजे माझी ताई. झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, पहिलीच नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात मिळाली, आपल्या विदर्भातले कितीतरी मास्तर-बाया तिकडे आहेत तशीच ही पण गेली अन् तिकडेच रमली. मागच्या डिसेंबरात रात्री साडेदहाला तिचा फोन. आधी व्हिडिओ पाठवला होता, काळोखात लाट फुटली की निळा उजेड, ओल्या वाळूवर पाय ठेवला की पायाखाली उजेड. म्हणे, "अगं सगळं गाव किनाऱ्यावर आलंय, पोरं पाण्यात उड्या मारून राहिली, फोटो काढून राहिली, आणि मला इकडे नुसती धडधड होऊन राहिली. हे पाणी विषारी तर नाही ना? उद्या सुट्टी आहे, हीच पोरं तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायला जातात, घरी नेऊन कालवण करतात. तू लॅबमध्ये आहेस ना, सांग काही."

काय सांगणार? माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. तिसऱ्या नका खाऊ सध्या, एवढंच बोलली मी, आणि रात्रभर वाचत बसली. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या बाजूला जिथून आमच्या लॅबचं काचेचं सामान येतं तिथं जाऊन विचारलं तर ते म्हणाले ताई, तळ्याचं पाणी तपासायचा एक सेट येतो, कॉलेजवाले नेतात, मागवून देतो. अकरा दिवसांनी आला, सगळं मिळून ६,२०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच सामान दोन-तीन नावांनी विकलं जातं आणि माझ्या काही तक्रारी आहेत त्या माझ्या एका डब्याच्या आहेत.

डब्यात काय आहे: प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव पकडायची २० मायक्रॉनची नायलॉनची शंकूसारखी जाळी, खाली स्क्रूची छोटी बाटली, पाणी किती गढूळ ते पाहायची काळी-पांढरी सेक्की तबकडी आणि दहा मीटर दोरी, फोनला क्लिपने लावायचा मायक्रोस्कोप, नायट्रेट आणि फॉस्फेटच्या थेंबांच्या बाटल्या, रंगाचं कार्ड, लुगॉल आयोडीनची एक बाटली. लुगॉल पाहून मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, आम्ही शौचाच्या तपासणीत अमिबासारख्या परजीवींच्या सिस्ट (कवचात झोपलेली अवस्था) बघायला रोज तेच वापरतो. इथं त्याचं काम नमुना टिकवायचं, पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत थेंब टाकायचे आणि बाटली अंधारात ठेवायची.

पहिली ट्रायल अर्थात नागपूरच्या फुटाळा तलावावर. सकाळी साडेसहाला, थंडी होती, फिरायला येणारे लोक थांबून थांबून विचारत होते काय पकडून राहिल्या म्हणून. जाळी हळू ओढायची हे मला दुसऱ्या वेळी कळलं, जोरात ओढली तर पाणी आत शिरतच नाही, तोंडावरून वळून जातं आणि वाटतं जाळीत काही नाही. बाटलीत हिरवट दाणेदार पाणी आलं. फोनखाली पाहिलं तर बारीक बारीक गोळ्यांचे पुंजके, चिकट पदार्थात बसवल्यासारखे, मला ते मायक्रोसिस्टिससारखे दिसले, म्हणजे निळं-हिरवं शेवाळ ज्याला म्हणतात ते, खरं तर ते जीवाणू आहेत. नुसत्या चेहऱ्यावरून जातीची खात्री मी देणार नाही पण एवढं नक्की की असं दाट हिरवं पाणी दिसलं तर हात घालू नये आणि जनावरांना पाजू नये. मायक्रोसिस्टिसचं विष यकृतावर जातं आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत टोलेडो शहरात हेच झालं, एरी सरोवरातलं हे विष नळाच्या पाण्यात आलं आणि चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं.

हे सगळं गोड्या पाण्याचं झालं. खरी परीक्षा समुद्रावर, ती संक्रांतीच्या सुट्टीत. नागपूर-मडगाव गाडीने गेली, तबकडी कपड्यात गुंडाळून, लुगॉलची बाटली दोन पिशव्यांत घालून, कारण सांडली तर डाग सहजासहजी निघत नाही.

ताईच्या घराशेजारी एक काका आहेत, त्यांची छोटी होडी आहे, त्यांनी पहाटे नेलं. ते म्हणाले, "बाय, रात्री पाणी चमकतं ना तेव्हा जाळं काळोखात लांबून दिसतं, मासा जाळ्याला लागत नाय. आणि दिवसा जाळं ओढलं तर हाताला बुळबुळीत." हे दोन वाक्यात त्यांनी जे सांगितलं ते मी रात्रभर वाचलेल्या गोष्टींपेक्षा जास्त कामाचं होतं. दोनशे-अडीचशे मीटर आत गेल्यावर पाण्यावर मळकट हिरवट पट्टा दिसला, पट्ट्याच्या बाहेर सेक्की तबकडी साडेतीन मीटरपर्यंत दिसली आणि पट्ट्यात सव्वा मीटरला गायब. एवढी साधी वस्तू, दोरीला बांधलेली थाळी, इटलीतल्या सेक्की नावाच्या धर्मगुरूने १८६५ मध्ये पहिल्यांदा समुद्रात सोडली होती, आणि आजही पाणी किती गढूळ हे सांगायला तिच्यापेक्षा स्वस्त काही नाही. फक्त डब्यातली तबकडी प्लास्टिकची आहे, ती बुडतच नाही, तरंगते. काकांनी होडीतला शिशाचा गोळा बांधून दिला तेव्हा काम झालं. ही तक्रार क्रमांक एक. दोन म्हणजे दोरीवरच्या मीटरच्या खुणा खाऱ्या पाण्यात दोन फेऱ्यांत पुसल्या, आता मी गाठी मारल्यात.

जाळी वर काढली आणि बाटली उजेडात धरली तर डोळ्यांनीच दिसले. भिजवलेल्या साबुदाण्याचे अगदी बारीक दाणे पाण्यात तरंगावे तसे. नॉक्टिल्युका. एकच पेशी, पण अर्ध्या मिलीमीटरची, काही तर दोन मिलीमीटरपर्यंत वाढतात, म्हणजे रुंदीने आमच्या लाल रक्तपेशीच्या सत्तर पट, मोठ्या असल्या तर जवळजवळ तीनशे पट. फोनखाली गोल पारदर्शक फुगा, एका बाजूला खाच, त्यातून निघालेली जाड सोंडेसारखी शेपटी हळूहळू वळवळते. आणि फुग्याच्या आत बारीक हिरवे ठिपके पोहून राहिलेले! ते वेगळे जीव आहेत, नॉक्टिल्युकाच्या पोटात भाड्याने राहतात, सूर्यप्रकाशावर अन्न बनवतात आणि घरमालकालाही देतात. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात हा हिरवा प्रकार मोठ्या प्रमाणावर पसरतो, विशेषतः २००० नंतर. दुसरा लाल प्रकार असतो, त्याच्या पोटात हे भाडेकरू नसतात, तो नुसतं खाऊन जगतो, डायटम (काचेसारख्या कवचाचं बारीक शेवाळ), माशांची अंडी, जे मिळेल ते. रात्री ताईच्या न्हाणीघरात दिवा बंद करून बरणीला टिचकी मारली, बरणीभर निळा उजेड, ताईची लेक तर ओरडलीच.

आता ताईचा प्रश्न. हे विषारी आहे का? माणसाला मारणारं विष नॉक्टिल्युका बनवत नाही. पण निरुपद्रवी पण नाही, पेशीत अमोनिया साठवते, आणि ढिगाने मेली की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, म्हणून पहाटे मासे मरून किनाऱ्याला लागतात. ही चमकणारी होती, सगळ्या गावाला दिसली. भीती ज्याची वाटायला पाहिजे ते चमकेलच असं नाही आणि पाण्याचा रंगही बदलत नाही कित्येकदा.

अलेक्झांड्रियम नावाचा एक डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शेपटीने पोहणारा एका पेशीचा जीव आहे, २०-५० मायक्रॉनचा. तो सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष बनवतो. लिटरमागे काही शेकडो किंवा हजार पेशी असल्या, पाणी स्वच्छ दिसत असलं, तरी तिसऱ्या, कालवं, शिनाणे हे दिवसभर पाणी गाळून गाळून खातात आणि ते विष स्वतःच्या मांसात साठवत राहतात. त्यांना सहसा काही होत नाही. खाणाऱ्याला होतं. आधी ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी, मग हातपाय बधिर, मग श्वासाचे स्नायू लुळे. कितीही शिजवा, फोडणी द्या, जात नाही. उतारा म्हणून कोणतंच इंजेक्शन नाही, श्वास चालू ठेवणं एवढाच उपाय, वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर माणूस वाचतो. हे फक्त परदेशात होतं असं समजू नका, १९९७ च्या सप्टेंबरमध्ये केरळात विळिंजमला शिंपले खाऊन सात जण गेले आणि पाचशेवर लोक दवाखान्यात भरती झाले. स्यूडोनिट्झ्शिया नावाचा एक डायटम आहे, त्याच्या डोमोइक ॲसिडने १९८७ मध्ये कॅनडात शंभरावर लोक आजारी पडले आणि काहींची स्मृती कायमची गेली. जगभर शिंपल्यांसाठी सॅक्सिटॉक्सिनची मर्यादा किलोला ०.८ मिलिग्रॅम धरतात. हे मोजायला वेगळी मशीन, वेगळी लॅब लागते.

म्हणून हा सेट घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे: यात पाहून "काही दिसलं नाही, खा बिनधास्त" असं कोणाला सांगू नका. आमच्या लॅबमध्ये स्लाइडवर जंतू दिसला नाही म्हणून रिपोर्टवर "आजार नाही" लिहीत नाहीत, "दिसला नाही" एवढंच लिहितात. किटचंही तेच. कोण आहे ते दिसतं, विष आहे की नाही ते दिसत नाही. डब्यावर मात्र "पाणी सुरक्षित आहे का ते ५ मिनिटात जाणून घ्या" असं छापलंय, ते मला अजिबात पटलं नाही, माझे स्टार मुख्यतः तिथंच कापले गेले.

मोजण्याचं पण सांगते, कारण यात मी स्वतः फसली असती. मी सवयीने रक्तपेशी मोजायचा न्यूबॉअर चेंबर नेला होता. त्याची खोली ०.१ मिलीमीटर, नॉक्टिल्युका त्यात मावतच नाही. आणि लिटरला हजार पेशी म्हणजे मिलीलिटरला एक, न्यूबॉअरच्या रेषांमध्ये सगळं मिळून मिलीलिटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी पाणी असतं, तर जन्मभर बसलं तरी ती पेशी दिसायची नाही. यासाठी सेजविक-राफ्टर नावाची काच मिळते, त्यात पूर्ण एक मिलीलिटर बसतं, ती या सेटमध्ये द्यायलाच पाहिजे होती, नाही दिली. मी उपाय असा केला की वीस लिटर समुद्राचं पाणी बादलीने मोजून जाळीतून ओतलं आणि शेवटी वीस मिलीलिटर उरवलं, हजार पट दाट झालं, मग थेंब थेंब पाहिलं. बाटलीत डायटमच्या साखळ्या, काटेवाले किटोसेरॉस, तीन शिंगांचे सेराशियम असं बरंच होतं. किटोसेरॉस विषारी नाही पण त्याचे काटे माशांच्या कल्ल्यात रुततात. अलेक्झांड्रियमसारखं काही मला दिसलं नाही, आणि मी ताईला शब्दशः तेवढंच सांगितलं. २० मायक्रॉनपेक्षा लहान जीव जाळीतून निघून जातात हे पण लक्षात ठेवा, म्हणून एक बाटली न गाळलेल्या पाण्याची लुगॉल टाकून ठेवायचीच.

मायक्रोस्कोपवर १००० पट लिहिलंय. खोटं आहे. केसाची जाडी शेजारी ठेवून पाहिलं, शंभर-सव्वाशे पटीच्या वर काही नाही. पण नॉक्टिल्युका, सेराशियम, डायटम ओळखायला तेवढं पुरतं आणि फोनमध्ये फोटो निघतो, तो दुसऱ्याला पाठवता येतो, म्हणून साडेतीन.

नायट्रेटच्या बाटल्या समुद्रासाठी घेऊ नका. कार्डावरचा पहिला रंग लिटरला ५ मिलिग्रॅमचा. समुद्रात शेवाळ फोफावायला लागेल इतकं नायट्रेट म्हणजे लिटरला अर्धा-एक मिलिग्रॅम, कधी त्याहून कितीतरी कमी. तर किट समुद्रात नेहमी शून्यच दाखवणार. आणि ब्लूम, म्हणजे शेवाळाचा एकदम आलेला पूर, पूर्ण चढलेला असतो तेव्हा खरंच शून्याजवळ असतं कारण शेवाळाने खाऊन टाकलेलं असतं, म्हणजे शून्य पाहून पाणी स्वच्छ समजणं म्हणजे ताट रिकामं पाहून घरात स्वयंपाकच झाला नाही म्हणण्यासारखं आहे. हीच बाटली आमच्या नागपुरातल्या नाग नदीच्या पाण्यात टाकली तेव्हाही रंग फिकाच आला, मी चकित झाली, मग लक्षात आलं की ताज्या सांडपाण्यात नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो, त्याची बाटलीच सेटमध्ये नाही. फॉस्फेटचा रंग मात्र एकदम गडद निळा.

नाग नदी कशाला आणली मधे असं वाटेल. तर आपलं पाणी जातं कुठं ते पहा: नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, मधे गोसीखुर्द, मग प्राणहिता, गोदावरी आणि राजमहेंद्रीच्या पुढे बंगालचा उपसागर. कपड्याची साबण, शेतातला युरिया, संडासाचं पाणी, धरणात काही अडतं, काही खाली जातं. आणि धरणं आणखी एक करतात, नदीच्या पाण्यातलं सिलिका अडवून ठेवतात. डायटमला कवच बनवायला सिलिका लागतं, माशांची बरीचशी अन्नसाखळी या डायटमवर उभी आहे. नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर आणि सिलिका कमी असं पाणी समुद्रात गेलं की डायटम मागे पडतात आणि ज्यांना सिलिका लागत नाही ते डायनोफ्लॅजेलेट पुढे जातात. आम्ही नागपूरवाले समुद्रापासून एवढे लांब, तरी या साखळीत आहोत. म्हणून हा रिव्ह्यू नागपूरच्या लोकांसाठी पण आहे.

सगळा दोष माणसाचा असंही नाही. जून ते सप्टेंबर पावसाळी वाऱ्याने केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडा थंड वारा येतो, वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, ढवळून खालचं वर येतं, ताईच्या किनाऱ्यावरची हिरवी पाहुणी त्याच दिवसांतली. काही जातींच्या सिस्ट चिखलात पडून राहतात आणि दिवस आले की उगवतात, हे मला आमच्या लॅबमधल्या परजीवींच्या सिस्टसारखंच वाटलं. जहाजं पण पोटात भरलेल्या पाण्यातून या जाती एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेतात, त्यावर आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१७ पासून लागू आहे.

किटच्या सोबत काय वापरायचं तर हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राची अल्गल ब्लूमची (शेवाळाच्या पुराची) माहिती सेवा, फुकट आहे. उपग्रह पाण्याचा रंग पाहतो, हिरवं द्रव्य निळा प्रकाश शोषतं त्यावरून शेवाळ किती ते काढतात. त्यांनी चार जागा जास्त लक्ष ठेवायच्या म्हणून ठरवल्यात: अरबी समुद्राचा ईशान्य भाग, केरळचा किनारा, मन्नारचं आखात आणि ओडिशातलं गोपाळपूर. ताईला मोबाईलवर दाखवलं, तिला नकाशा लगेच समजला. पण उपग्रहाला ढगापलीकडे दिसत नाही आणि पावसाळ्यात तर ढगच ढग, शिवाय किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात चिखल आणि शेवाळ वेगळं काढणं अवघड, आणि त्याचा एक ठिपका म्हणजे शेकडो मीटर, कधी एक किलोमीटर पाणी. पोरं तिसऱ्या काढतात ती खाडी त्या एका ठिपक्यात हरवते. जिथं उपग्रह आंधळा होतो तिथंच ही जाळी आणि काकांचे डोळे कामी येतात, आणि काकांना जे खोल समुद्रातलं दिसत नाही ते उपग्रहाला दिसतं. दोन्ही पाहिजेत.

विक्रीनंतरची सेवा: तबकडी तरंगते म्हणून फोन केला तर म्हणाले वजन लावून घ्या मॅडम. बस, एवढंच. लुगॉलची बाटली संपली तर आपल्या लॅब-केमिकलच्या दुकानात स्वस्तात मिळते, त्यांच्याकडून मागवायची गरज नाही. जाळी वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा, पिळू नका, भोकं ताणली जातात.

कोणी घ्यावं? किनाऱ्यावरच्या शाळांनी नक्की घ्यावं, फक्त जाळी, तबकडी आणि मायक्रोस्कोप सुटे मिळाले तर तेच घ्या, रसायनाचा डबा सोडून द्या, निम्म्यात होईल. मी जाळी ताईकडेच ठेवून आली. सातवीच्या पोरांनी एक वही केली आहे, दर रविवारी काकांच्या होडीतून तबकडी किती खोल दिसली, पाण्याचा रंग, मासे मेलेले दिसले का, जाळीत कोण कोण आलं, सगळं तारखेसकट लिहितात आणि पानाचा फोटो मला पाठवतात. मागच्या रविवारी लिहिलं होतं, "तबकडी ४ मीटर. साबुदाणा नाही. तिसऱ्या अजून काढत नाही, बाईंनी थांबा सांगितलंय."